चवदार तळ्यावरचा मनाई हुकूम

१४ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयाने एक तात्पुरता मनाई हुकूम काढला. दावा दाखल होऊन दोनच दिवस झाले होते. वादी गावातले सवर्ण पुढारी. प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, त्यांचे काही सहकारी आणि त्यांच्यामार्फत सगळा अस्पृश्य समाज. दाव्याचा निकाल लागेपर्यंत यांच्यापैकी कोणीही चवदार तळ्यावर जाऊ नये आणि तिथले पाणी घेऊ नये, असा त्या हुकुमाचा मतलब होता. सत्याग्रहाची तारीख मात्र आधीच जाहीर झाली होती, २५ आणि २६ डिसेंबर. म्हणजे हाती उरले अकरा दिवस.

हुकूम पाळला तर सत्याग्रह कसला? आणि मोडला तर लढाई कोणाशी, गावाशी की सरकारशी? महाडच्या मंडपात हा प्रश्न हजारो माणसांसमोर उघडपणे चर्चिला गेला. आपल्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत. महाड म्हटले की आपल्याला मार्चमधली पाण्याची ओंजळ आठवते, डिसेंबरमधले मनुस्मृतीचे दहन आठवते. त्या दहनानंतरचे दोन दिवस आपण घाईने ओलांडतो, कारण त्या दिवसांत तळ्याचे पाणी कोणी प्यायले नाही. मला तेच दिवस सर्वांत मोलाचे वाटतात.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असे त्यात म्हटले होते. सरकारने खातेप्रमुखांना तसे आदेशही दिले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे तिथले सुधारक पुढारी. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. मुसलमान तिथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत. महार-चांभारांनी मात्र तिकडे पाऊल टाकायचे नाही, हा कायदा कुठल्याही कागदावर नव्हता आणि तरीही तो रोज पाळला जात होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याने तिच्यासाठी जिवाचे रान केले होते. बरोबर अनंतराव चित्रे होते, टिपणीस होते. अडीच हजारांच्या आसपास माणसे जमली. त्यांच्या पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे चालत जाण्याच्या अंतरावर आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी परिषद उठली, मिरवणूक तळ्यावर गेली, आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग बाकीच्यांनी घेतले. त्या वेळी त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. कायदेमंडळाचा ठराव त्यांच्या बाजूने होता, नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने होता. मोडली ती रूढी.

रूढीने उत्तर लगेच दिले. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. कोणी जेवत होते, कोणी गावी परतायची बांधाबांध करत होते, त्यांना मारहाण झाली. वीसेक जण गंभीर जखमी झाले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. परतणाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या खेड्यांत गाठावे, असे निरोपही आसपास गेले. आंबेडकर डाकबंगल्यात उतरले होते. तिथे जमलेल्या माणसांत लष्करातून निवृत्त झालेले लोकही होते, आणि उलटून मारण्याची ताकद त्यांच्या अंगात होती. त्यांना हवा होता फक्त शब्द. आंबेडकरांनी तो दिला नाही. त्यांनी सगळ्यांना शांत राहायला लावले आणि प्रकरण पोलिसांकडे व न्यायालयाकडे नेले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरचा निर्णय समजून घ्यायचा तर मार्चमधला हा संयम आणि ही शिक्षा, दोन्ही लक्षात ठेवायला हवीत. शिक्षा लहान होती, पण अस्पृश्याला मारले म्हणून सवर्ण तुरुंगात गेले, हे त्या मुलखातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले.

इकडे तळ्याचे शुद्धीकरण झाले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतल्या गेल्या. ज्या पाण्यात हे सगळे मिसळले ते पाणी शुद्ध, आणि माणसाच्या ओंजळीने ते बाटते, ही गोष्ट आंबेडकरांना शांत बसू देणारी नव्हती. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांचा ठराव मंजूर झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. आता सत्याग्रहाला पर्याय राहिला नाही. ३ एप्रिलला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत' या आपल्या पाक्षिकातून आंबेडकर लोकांची मनाची तयारी करू लागले. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण एका अटीवर: चळवळीत ब्राह्मण नकोत. आंबेडकरांनी ती अट फेटाळली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला नव्हता.

सत्याग्रहाचा दिवस जवळ आला तेव्हा विरोधकांनी लाठी बाजूला ठेवून वकील गाठला. हे त्यांचे खरे चातुर्य. तळे सार्वजनिक नसून भोवतालच्या चौधरी मंडळींचे, खाजगी मालकीचे आहे, असा त्यांनी दावा लावला आणि मनाई मागितली. मार्चमध्ये सरकार निदान कागदावर अस्पृश्यांच्या बाजूला होते. आता त्याच सरकारच्या न्यायालयाचा हुकूम त्यांच्या वाटेत आडवा होता. सवर्णांना स्वतः काही करायची गरज उरली नव्हती. सत्याग्रहींनी हुकूम मोडला की पोलीस त्यांना धरणार आणि गावकरी दुरून पाहणार.

तरीही माणसे निघाली. २४ डिसेंबरला आंबेडकर मुंबईहून दोनशेएक जणांसह 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ ला दुपारी सावित्री नदीवरच्या दासगाव बंदरात उतरले. तिथे हजारो माणसे वाट पाहत होती. महाड तिथून पाच मैलांवर. धक्क्यावर पोलीस सुपरिंटेंडेंट जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन उभे होते. आंबेडकर आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे गाडीतून जिल्हाधिकारी हूड यांना भेटायला गेले, बाकीचे पायी मंडपाकडे. मंडपाला गावात एकाही हिंदूने जागा दिली नव्हती. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली म्हणून परिषद भरू शकली. व्यापाऱ्यांनी माल नाकारला होता, त्यामुळे शिधाही बाहेरून आणावा लागला. मंडपात एकच तसबीर होती, महात्मा गांधींची. पुढच्या काळातला आंबेडकर-गांधी संघर्ष डोक्यात ठेवून वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण सत्याग्रह हा शब्द आणि ते साधन तेव्हा त्यांच्याकडूनच आले होते.

संध्याकाळी आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, उधार जागेवर, आणलेल्या शिध्यावर बसलेल्या माणसांना त्यांनी सांगितले, की तुम्ही नुसते पाण्यासाठी आलेला नाही. तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होत नाही, आणि इतकी वर्षे ते न प्यायल्याने कोणी मेलेले नाही. आपल्याला सिद्ध करायचे आहे ते एवढेच, की इतरांसारखी आपणही माणसे आहोत. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता. मग सहस्रबुद्धे यांनी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला. जन्माने ते ब्राह्मण होते. जेधे-जवळकरांची अट मान्य झाली असती तर ते त्या मंडपात नसते. पांडुरंग नथुजी राजभोज यांनी अनुमोदन दिले. रात्री नऊ वाजता मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात अस्पृश्य बैराग्यांच्या हातून पोथीला अग्नी दिला गेला.

एकाच माणसाने, एकाच ठिकाणी, दोन दिवसांच्या आत एक सत्ता जाळली आणि दुसरी पाळली. पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. मनुस्मृतीच्या मागे ना न्यायाधीश होता ना फौजदार. तिची अंमलबजावणी गावागावातली माणसे करत होती, आणि जे तिच्याखाली भरडले जात तेही मान खाली घालून करत होते. अशा सत्तेवर अपील कुठे करणार? ती उघडपणे, सर्वांच्या देखत नाकारल्याशिवाय तिचा धाक जात नाही. मनाई हुकुमाचे तसे नव्हते. त्याला पुढची तारीख होती, मनुस्मृतीला नव्हती.

पण २६ तारखेला मंडपात बसलेल्यांना हे इतके सरळ दिसणे शक्य नव्हते, आणि त्यांचे म्हणणेही हलके नव्हते. सत्याग्रहाचा ठराव चर्चेला आला. आपण इतक्या लांबून आलो ते भाषणे ऐकायला नाही. मार्चमध्ये आपली डोकी फुटली, आता तुरुंग दाखवला म्हणून मागे फिरलो तर गावात तोंड कसे दाखवायचे? न्यायालय त्यांचेच, वकील त्यांचेच, दावा दहा वर्षे चालला तर दहा वर्षे तहानलेले राहायचे का? सत्याग्रहींची नावे नोंदवायला सुरुवात झाली आणि यादी चार हजारांच्या घरात गेली. वेठबिगार, मेलेली गुरे ओढणे, शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभे राहणे, यांतून नुकती मान वर काढणारी ही माणसे होती. त्यांच्यापैकी प्रत्येकाने तुरुंगात जायला तयार असल्याचे नाव देऊन सांगितले. ही यादी नसती तर पुढचा निर्णय भेकडपणा ठरला असता.

जिल्हाधिकारी हूड यांनी स्वतः परिषदेत येऊन भाषण केले. सरकारची सहानुभूती तुमच्या बाजूला आहे, पण न्यायालयाचा हुकूम आहे तोवर तो मोडू नका. मोडलात तर आम्हाला कारवाई करावी लागेल. निकालाची वाट पाहा. हे त्यांच्या बोलण्याचे सार. ऐकणाऱ्यांचा निश्चय त्यामुळे डळमळला असे दिसत नाही. मंडपातला कौल सत्याग्रहाच्याच बाजूला राहिला.

२७ ला आंबेडकर उठले आणि त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. आपला झगडा स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही. हुकूम मोडला की तो सरकारशी होईल, आणि नेमके हेच विरोधकांना हवे आहे. ही त्यांची मुख्य भूमिका होती. मी तिच्यात आणखी एक गोष्ट वाचतो, ती मार्चच्या अनुभवातून येते. चार हजार माणसे तुरुंगात गेली असती तर त्यांच्या मागे खेड्यापाड्यांत त्यांची बायकामुले, म्हातारे आईबाप सवर्णांच्या तावडीत उघडे पडले असते. मार्चमध्ये हल्लेखोरांवर खटले भरणारे सरकार या वेळी त्यांच्या मदतीला धावले असते का? शहरातल्या चळवळीत तुरुंगात जाणाऱ्याच्या घरी शेजारीपाजारी धान्य पोचवत. महारवाड्यातल्या सत्याग्रहीच्या घरी गावाने पाणीही पोचवले नसते. कायदेभंगाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि ज्याला ती सर्वांत जड पडते त्याच्या वतीने ती कबूल करण्याआधी पुढाऱ्याने शंभरदा विचार केला पाहिजे. आंबेडकरांनी तो केला.

त्यात त्यांचे स्वतःचे स्थानही होते. ते बॅरिस्टर होते आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. पण हे कारण मी गौण मानतो. ज्या माणसाने दोनच रात्रींपूर्वी हिंदू समाजाचा एवढा मोठा रोष ओढवून घेतला, तो आपल्या खुर्चीसाठी मागे हटला असे म्हणणे पटत नाही.

ठराव मंजूर झाला. पुष्कळांना तो रुचला नाही, तरी त्यांनी तो मानला. मग मिरवणूक निघाली. फलक घेतलेले हजारो लोक शिस्तीने गावातून चवदार तळ्यापर्यंत गेले, तळ्याला वळसा घातला आणि परत आले. पाण्याला कोणी हात लावला नाही. त्या मिरवणुकीतल्या माणसांच्या मनात काय चालले असेल? पाणी हाताच्या अंतरावर, संख्याबळ आपले, आणि तरी पाय काठावरून पुढे. मार्चमध्ये पाणी पिण्याला धैर्य लागले होते. डिसेंबरमध्ये न पिण्याला जे लागले त्याला मी धैर्यच म्हणेन, आणि ते पहिल्यापेक्षा कमी होते असे मला वाटत नाही.

परिषदेसाठी आलेल्या स्त्रियांसमोर आंबेडकर वेगळे बोलले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या जाड कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, त्या खुणा टाका, मुलामुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. अनेकींनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत आले. यावर कुठल्याही न्यायालयाची मनाई नव्हती, होती ती फक्त रूढीची, आणि ती त्या बायकांनी ठराव न करता, मतदान न घेता मोडली. महाडच्या त्या दिवसांतली ही सर्वांत टिकाऊ बंडखोरी असावी. गावी परतल्यावर ती रोज सकाळी नव्याने करायची होती, आणि तिथे मंडप नव्हता, पुढारी नव्हते.

आज्ञापालनाचे फळ काय मिळाले? दोन महिन्यांत, २३ फेब्रुवारी १९२८ रोजी, न्यायालयाने तो तात्पुरता मनाई हुकूम उठवला. म्हणजे ज्यासाठी चार हजार माणसे तुरुंगात जाणार होती तो कागद दहा आठवडेच जगला. पण मूळ दावा चालू राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेले, १९३३ च्या जानेवारीत तिथेही हरले. मग मुंबई उच्च न्यायालय. तिथला निकाल आला १७ मार्च १९३७ ला. दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षे आणि तीन महिने. 'दहा वर्षे तहानलेले राहायचे का' असे विचारणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. हुकूम पाळण्याची किंमत त्यांनी वर्षांत मोजली.

उच्च न्यायालयातला निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. अहमदाबादला १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे हेच. तिथे गांधीजींनी गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती. कायदा मोडून त्याचे फळ डोक्यावर घेण्याचा तो मार्ग. पंधरा वर्षांना एक दिवस कमी असताना त्याच न्यायाधीशासमोर दुसऱ्या मार्गाचा शेवट झाला. हा मार्ग होता हुकूम पाळून कायद्याच्याच तोंडून आपला हक्क वदवून घेण्याचा. दोन्ही मार्गांनी चालणाऱ्यांना स्वातंत्र्यच हवे होते. फरक इतकाच, की गांधीजींचा प्रतिपक्ष स्वतः सरकार होते, आणि आंबेडकरांचा प्रतिपक्ष शेजारी राहत होता.

निकालाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. वादींनी मालकीचा दावा सोडून दिला होता. आता त्यांचा भर अनादी कालापासूनच्या वहिवाटीवर होता. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अशी पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. वगळणे अन्यायाचे आहे असे ते म्हणाले नाही. पुरावा कमी पडला, एवढेच. उद्या कोणी दुसऱ्या तळ्याबद्दल भक्कम पुरावा आणला असता तर? न्यायालयात जिंकता येते, पण न्यायालय आपल्या प्रश्नाचे उत्तर देतेच असे नाही, हे या निकालाने दाखवले. ज्यांना हुकूम मोडायचा होता त्यांच्या बाजूने आज कोणी वाद घालू लागला तर हा निकाल त्याच्या हातातले सर्वांत चांगले हत्यार ठरेल, आणि त्याला गप्प करणारे उत्तर माझ्याकडे नाही. महाडनंतर वाटा वेगळ्याही झाल्या: रामचंद्र मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले, आंबेडकरांबद्दलचा आदर मात्र त्यांनी सोडला नाही. आंबेडकरांनी स्वतःही थेट कृती सोडली नाही. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी सांगितले, की सनदशीर मार्ग खुले नव्हते तेव्हा कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांना पुष्कळ समर्थन होते. ते मार्ग आता खुले झाले आहेत, म्हणून ही साधने सोडून द्यायला हवीत. १९२७ च्या महाडमध्ये तो मार्ग धड खुला नव्हता, एका कनिष्ठ न्यायालयाच्या दारातून जेमतेम एक फट दिसत होती, आणि त्यांनी चार हजार माणसांना त्या फटीवर भिस्त ठेवायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला कुठे अडवता येणार नाही त्या जागांची यादी आहे. तिच्यात दुकाने आणि उपाहारगृहे आहेत, आणि सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्तेही आहेत. त्यासाठी वहिवाटीचा पुरावा मागितलेला नाही.